नावाजलेले कलाकार आपल्या जुन्या कम्युनिटी कॉलेजात प्रदर्शन का भरवतात?

तुम्ही विचारलंय की अमेरिकेत नाव कमावलेले कलाकार मोठ्या गॅलऱ्या सोडून आपल्या जुन्या कम्युनिटी कॉलेजात प्रदर्शन का करतात, ही निव्वळ कृतज्ञता का. मी लॉस एंजेलिसजवळ राहते, अशाच एका कॉलेजात दोन वर्षं संध्याकाळचा फोटोग्राफीचा वर्ग केला, म्हणून लिहिते. कृतज्ञता असेलही. पण मी पाहिलेल्या प्रदर्शनात देणं-घेणं नेमकं उलटं होतं.

आधी हे कॉलेज म्हणजे काय ते सांगते. आपल्याकडे जेजेत प्रवेश मिळाला की घरी पेढे वाटतात. इथे गुणवत्ता यादी नाही, दारात येईल त्याला घेतात. कॅलिफोर्नियात राज्याच्या रहिवाशांना २०१२ पासून एका युनिटला, म्हणजे विषयाचा भार मोजायच्या एककाला, ४६ डॉलर फी आहे. माझ्या वर्गात एका बाजूला निवृत्त बसचालक, दुसऱ्या बाजूला नुकतीच हायस्कूल संपवलेली मुलगी, मध्ये मी, नवऱ्याच्या व्हिसावर आलेली आणि नोकरी करता न येणारी. पुष्कळ जण पदवी न घेताच निघून जातात. तेव्हा 'माजी विद्यार्थी' हा शब्द इथे जरा सैलच समजायचा.

आता उदाहरण. मॉन्टेरे पार्कमध्ये ईस्ट लॉस एंजेलिस कॉलेज आहे. तिथलं संग्रहालय व्हिन्सेंट प्राइस यांच्या नावाचं. होय, भयपटांतले तेच ते! कलेतिहास शिकलेल्या या नटाने १९५७ मध्ये स्वतःच्या संग्रहातल्या ९० कलाकृती कॉलेजला देऊन टाकल्या, मुलांना अस्सल चित्रं जवळून बघता यावीत म्हणून. प्रवेश आजही फुकट.

लॉरा अगिलार याच कॉलेजात शिकल्या. जन्म १९५९ चा, मेक्सिकन वंशाचं घर, ऐकलेलं नीट न उमगणारा एक प्रकारचा डिस्लेक्सिया. फोटोग्राफी बरीचशी स्वतःच शिकल्या. स्वतःचं स्थूल शरीर, समलिंगी मैत्रिणी, आजूबाजूची चिकानो, म्हणजे अमेरिकेतल्या मेक्सिकन वंशाच्या लोकांची, वस्ती हे त्यांचे विषय. १९९० चं 'थ्री ईगल्स फ्लाइंग' बघा: मधोमध त्या स्वतः, दोरखंडाने बांधलेल्या, चेहऱ्यावर मेक्सिकोचा झेंडा, कमरेला अमेरिकेचा. दोन गरुड दोन देशांचे आणि तिसरा त्यांच्या आडनावातला, कारण स्पॅनिशमध्ये 'आगिला' म्हणजे गरुड.

इतकं काम असूनही त्यांच्या साऱ्या कारकिर्दीचा आढावा घेणारं पहिलं मोठं प्रदर्शन कुठल्या बड्या संग्रहालयाने नाही, या कॉलेजातल्या संग्रहालयाने केलं. 'शो अँड टेल', सप्टेंबर २०१७ ते फेब्रुवारी २०१८, शंभराहून अधिक कलाकृती. मांडणी केली सिबिल व्हेनेगस यांनी. त्या याच कॉलेजात चिकानो अभ्यास शिकवायच्या आणि अगिलार त्यांच्या विद्यार्थिनी. प्रदर्शन संपल्यावर दोन-अडीच महिन्यांतच, एप्रिल २०१८ मध्ये, अगिलार वारल्या. कॉलेजनंतर तेच प्रदर्शन मायामी, शिकागो आणि न्यूयॉर्कला गेलं. म्हणजे नाव झालं म्हणून बाई कॉलेजात परतल्या असं म्हणायला जीभ कचरते. कॉलेजने आधी उभं केलं, मोठी शहरं मागून आली.

तुमच्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर हेच. विकणारी गॅलरी साधारण निम्मा वाटा घेते, म्हणून काय खपेल हे आधी बघते, आणि नग्न, जाड, गरीब घरातल्या बाईचे फोटो दिवाणखान्यात कोण लावणार? कॉलेजच्या भिंतीला खपाची चिंता नसते. शिवाय त्या कलाकाराला नाव नव्हतं तेव्हापासून ओळखणारी बाई तिथेच शिकवत असते. सगळ्यांच्याच वाट्याला अशी व्हेनेगस येत नाही, हेही खरं. एखाद्याचं परतणं म्हणजे शाल, श्रीफळ, चार फोटो एवढंच असतं. तेही पाहिलंय मी, कंटाळा आला.

मी गेले त्या दिवशी एक मुलगी पाठीवरची सॅक न उतरवता त्या तीन गरुडांसमोर वहीत काहीतरी लिहीत होती. गृहपाठ असावा. तिने एकदा मोबाइलमध्ये वेळ बघितली, पुढच्या तासाला पळाली, आणि दहा मिनिटांनी धापा टाकत परत आली. पेन तिथेच राहिलं होतं. ते घेऊन ती पुन्हा लिहायला लागली. तुम्हाला कधी जायचं झालं तर सुट्टीत जाऊ नका, कॉलेज चालू असताना जा.