आधी झोप बदलली की आधी आतडं?

प्रिय डॉक्टर,
अनेक आशीर्वाद.

झोप आणि कॅन्सरवरच्या तुझ्या थीसिसचा सिनॉप्सिस, म्हणजे आराखडा, वाचला. एक पेपर म्हणतो कमी झोपणाऱ्यांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर जास्त, दुसरा म्हणतो जास्त झोपणाऱ्यांना. तू दोन्ही शेजारी मांडून हात वर केलेस. अगं, अमेरिकेतल्या विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या बायकांच्या आरोग्यावरच्या मोठ्या अभ्यासाच्या २०१३ च्या पेपरात दोन्ही टोकं एकदमच दिसतात. रजोनिवृत्ती झालेल्या बायकांत, सात तास झोपणाऱ्यांपेक्षा पाच किंवा कमी तासवाल्यांना धोका ३६ टक्के जास्त, नऊ किंवा अधिक तासवाल्यांना ४७ टक्के. पण म्हणून दोन्हींचं कारण एकच असेल असं नाही. आधी काय झालं, एवढंच विचारत राहा.

नऊ तासांचं टोक घे. उजवीकडच्या आतड्यातली गाठ महिनोन् महिने थोडंथोडं रक्त गाळते; शौचात दिसतही नाही. हिमोग्लोबिन उतरतं, माणूस थकतो, दुपारीही आडवा होतो. निदान मागाहून होतं आणि आळ झोपेवर येतो! म्हणूनच कोहॉर्टवाले, म्हणजे एकाच गटावर वर्षानुवर्षं नजर ठेवणारे, सुरुवातीच्या काही वर्षांतल्या केसेस वगळून गणित पुन्हा करून बघतात. तरीही धोका टिकला, तर पुढे बोलायचं.

आणि तू काय ठरवलंयस? वॉर्डात जाऊन केमो चालू असलेल्याला विचारायचं, 'रोज किती तास झोपता?' त्याची झोप स्टिरॉइडने उडवलेली, स्टोमाची (पोटावर काढलेल्या शौचमार्गाची) पिशवी रात्री दोनदा रिकामी करायची. त्याच्या उत्तराचा कॅन्सरच्या कारणाशी काय संबंध? पुन्हा तेच: आधी काय?

कॅन्सर सोड, पॉलिप घे, म्हणजे आतड्याच्या अस्तरावरचा कोंब. त्यातल्या अॅडिनोमा या प्रकाराचा कॅन्सर व्हायला साधारण दहा वर्षं लागतात, आणि लहान पॉलिप सहसा कुणाची झोप मोडत नाही. २०११ साली अमेरिकेत कोलोनोस्कोपीला (दुर्बिणीने मोठं आतडं तपासायला) आलेल्यांवर असाच अभ्यास झाला. सहा तासांहून कमी झोपणाऱ्यांत अॅडिनोमाची शक्यता जवळजवळ ५० टक्के जास्त निघाली. थीसिसच्या मुदतीत कोहॉर्ट होणार नाही, हे जमेल.

प्रश्न स्कोपच्या आधी विचार, रिपोर्ट कळल्यावर नाही. 'काल रात्री' हा शब्द फॉर्ममध्ये नको: आतडं साफ करायचं औषध पिऊन काल तो रात्रभर संडासात होता. गेल्या वर्षभराची झोप विचार. कामाचे दिवस वेगळे, सुट्टीचे वेगळे, दुपारची झोप वेगळी. अंथरुणाला पाठ टेकायची वेळ आणि डोळा लागायची वेळही एक धरू नकोस. घोरणं घरच्यांना विचार. कंबर मोज. साखर, दारू, तंबाखू घेच, मिश्रीसकट. बायका मिश्रीला तंबाखू म्हणून सांगत नाहीत.

रात्रपाळीचा रकाना स्वतंत्र ठेव. आयएआरसीने, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर-संशोधन संस्थेने, २००७ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये '२ए' (बहुधा कॅन्सरकारक) गटात टाकली ती रात्रपाळी, कमी झोप नव्हे. ही गल्लत मोठेमोठे करतात.

शीर्षकातलं 'पचनसंस्थेचे कॅन्सर' काढ. अन्ननलिकेत तंबाखू आणि दारू, जठरात एच. पायलोरी हा जिवाणू, यकृतात हिपॅटायटिस बी आणि सी. सगळ्यांची मोट बांधून झोपेचं उत्तर कसं निघेल?

गाइड म्हणतील, एवढा काथ्याकूट कशाला. म्हणू देत. मी हटवादी वाटत असेन तर वाटू दे. 'आधी काय' हे न विचारता केलेले असले पेपर ढिगाने पडलेत.

तुझ्या फॉर्ममध्ये हिमोग्लोबिनचा रकानाच नाही. तो आधी घाल, मग पाठव.