जगापासून तुटलेल्या दुर्गम भागांनी कोरोनाकाळ कसा निभावला?

प्रश्नातलं ‘तुटलेल्या’ वाचलं आणि राहवलं नाही. माझं नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावात किराणा दुकान आहे. सातपुड्यातला माणूस कसला तुटलेला? पाडेच्या पाडे ऊसतोडीला गुजरातेत असतात. 2020 ची होळी 9 मार्चला होती. होळीला माणसं घरी आली, काही लगेच कामावर परतली, आणि पंधरा दिवसांत लॉकडाऊन. मग ती चालत आली. म्हणजे रोगाला रस्ता मोकळा, मालाला बंद.

रेशनवर माणशी 5 किलो तांदूळ फुकट मिळाला, चांगलंच झालं. पण मीठ? तेल? शहाद्याहून म्हसावदमार्गे येणारा माझा टेम्पो थांबला. नर्मदाकाठच्या भुषाकडची माणसं पहाटे निघून डोंगर चढून यायची आणि मिठाची पुडी मागायची. खिशात दमडी नाही, मुकादमाने हिशेबच केला नव्हता. मी उधारीची वही काढली.

शहाद्यात मोठ्या भावाचं होलसेलचं दुकान, माल त्याच्याकडूनच यायचा. फोनवर ओरडला, “येडा व्हई गया का रे? दुकान बुडाई टाकशी!” वर ऐकवलं, या लोकांना डोंगर आहे, जंगल आहे, त्यांना काय कमी! मी म्हटलं, जंगलात मीठ उगवत नाही. वर्षभर बोलणं बंद होतं आमचं.

मे महिन्यात आमचूर आलं. एक म्हातारी दोन पायल्या घेऊन आली, वहीतलं नाव खोडायला लावलं, आणि खोडलेल्या नावावर बोट ठेवून बघितलं. वाचता येत नव्हतं तिला.

तर उत्तर हे, की दुर्गम भाग मिठावर आणि उधारीवर तगतो. ‘निसर्गात राहून प्रतिकारशक्ती वाढते’ या शहरातल्या गप्पा. दुकानदार असाल तर पावसाळ्याआधी दुप्पट मीठ भरा आणि घरच्यांना विचारू नका.

दवाखान्याचं म्हणाल, तर जिल्ह्याने 2020 मध्येच ऑक्सिजन प्लांटचं काम हाती घेतलं होतं. तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड साक्री तालुक्यातल्या सामोड्याचे, भिल्ल घरातले. प्लांटचं काम आधीच हाती घेतल्यामुळे 2021 च्या एप्रिलात मोठी शहरं ऑक्सिजनसाठी धावत होती तेव्हा नंदुरबारची बरी सोय होती. पण प्लांट खाली सपाटीला, आजारी वर डोंगरात. पाड्यावरून रस्त्यापर्यंत आजाऱ्याला झोळीतूनच आणायचं. नर्मदाकाठी काय झालं ते मी गिऱ्हाइकांकडून ऐकलेलं, डोळ्यांनी पाहिलेलं नाही.

आणि हो, सगळी उधारी आली नाही. वहीची दोन पानं तशीच आहेत. भाऊ, वाचत असशील तर तुझ्या मिठाचे पैसे मी दिवाळीआधी चुकते केले होते. टेम्पोचं भाडं तुझ्याकडे बाकी आहे.