पेनांगला खायला जाताय तर आधी तारखा नीट बघा

प्रश्न वाचला. जानेवारी-फेब्रुवारी २०२७ मध्ये पाच दिवस, मुख्य कार्यक्रम खाण्याचा, मलेशियातलं लंकावी की पेनांग ठरत नाहीये आणि बरोबर शाकाहारी सासूबाई. खाण्यासाठीच जाताय ना, मग पेनांगच. लंकावीचे बीच सुंदर आहेत पण खाण्यात पेनांगशी तुलनाच नाही.

पावसाचं टेन्शन घेऊ नका. त्या दिवसांत मलेशियाच्या पूर्व किनाऱ्यावर ईशान्य मान्सून असतो, तिकडची रेदांग वगैरे बेटं जवळपास बंदच असतात, पण पेनांग पश्चिमेला, मध्ये डोंगररांग आडवी, त्यामुळे तिथे जानेवारी-फेब्रुवारी उलट कोरडे असतात. उकडतं मात्र भरपूर.

खरं बघायचं ते चिनी नववर्ष. २०२७ ला ते ६ फेब्रुवारीला आहे, आणि तिथले नावाजलेले कितीतरी स्टॉलवाले चिनी वंशाचे, ते सणाला सरळ बंद करून घरी जातात, काही जण आठवडाभर सुद्धा. त्याला लागूनच रमजान, म्हणजे बरेच मलय स्टॉल दिवसा बंद (संध्याकाळचे रमजान बाजार जबरदस्त असतात, पण तुम्हाला दिवसभर खायचंय). तेव्हा फेब्रुवारीचं तिकीट कितीही स्वस्त दिसलं तरी सोडून द्या आणि जानेवारीचा दुसरा पंधरवडा धरा. त्या वर्षी पौष पौर्णिमेच्या सुमारास तिथल्या तमिळ लोकांचा थैपुसम हा सण असतो, मिरवणुकीच्या रस्त्यावर मांडव घालून येणाऱ्या-जाणाऱ्याला फुकट शाकाहारी जेवण देतात, सासूबाईंना हे नक्की आवडेल. गर्दी प्रचंड, तेवढी तयारी ठेवा.

राहायचं पेनांगच्या मुख्य शहरात, जॉर्जटाऊनच्या जुन्या भागातच, बातु फेरिंगीच्या बीच रिसॉर्टवर नको. एकेक स्टॉल एकाच वेळेचा असतो, सकाळचा दुपारी नसतो, रात्रीचा संध्याकाळनंतरच लागतो, आणि प्रत्येकाची सुट्टीही वेगळ्या वारी, त्यामुळे चालत जाता येईल एवढ्या अंतरावर राहिलात तरच जमतं. चुलिया स्ट्रीट आणि न्यू लेन रात्रीसाठी बघा.

चार क्वे त्याव खाताना स्टॉलच्या बाजूला उभं राहून बघाच. तांदळाच्या चपट्या नूडल्स, कोळंबी, शिंपल्या, अंडं, मोड, सगळं भडक्या आचेवर, आणि चांगला स्टॉलवाला एका वेळी एकच प्लेट करतो कारण जास्त टाकलं की कढई थंड पडते आणि नूडल्स भाजण्याऐवजी वाफेवर गिचका होतात. म्हणून रांग हळू सरकते, वैतागू नका. आसाम लाक्सा म्हणजे बांगड्याचा आंबट रस्सा, त्यात चिंच आणि आपल्या कोकमाच्या कुळातलंच एक वाळवलेलं फळ, वर अननस, काकडी, पुदिना. आपल्याकडे आंबट तिखट कालवण खाणाऱ्याला पहिल्याच घोटात आवडतो. नासी कांदार तमिळ मुस्लिमांचा, भातावर दोन-तीन रस्से एकत्र ओतून घ्यायचे, वेगवेगळे मागू नका, मजा त्या मिसळण्यातच आहे.

सासूबाईंसाठी एक सांभाळा, चार क्वे त्याव नुसत्या भाज्यांचा करून मागितला तरी बऱ्याच ठिकाणी डुकराच्या चरबीत परततात आणि लाक्साबरोबर कोळंबीची काळी पेस्ट असते. त्यांच्यासाठी लिटल इंडियातलं केळीच्या पानावरचं जेवण आणि बौद्ध चिनी शाकाहारी खानावळी, तिथे कांदा-लसूण पण सहसा नसतो. गोडात चेंडोल, म्हणजे नारळाचं दूध, पाम गूळ आणि बर्फ घातलेला पदार्थ, तो सगळेच खा.

कोपितियाममध्ये (म्हणजे कॉफीचं दुकान, आत वेगवेगळ्या लोकांचे खाण्याचे स्टॉल) आधी टेबल पकडा, मग स्टॉलवर ऑर्डर देऊन टेबल दाखवा, पैसे प्लेट आली की द्यायचे. पेय मात्र दुकानमालकाकडून घ्यावं लागतं, जागा त्याची असते. सुटे रिंगिट जवळ ठेवा. एका जेवणाला एकच प्लेट दोघा-तिघांत घेऊन पुढच्या स्टॉलकडे सरका, पोट लवकर भरतं.

मलेशियाचं डिजिटल अरायव्हल कार्ड पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं असतं, व्हिसाचा त्या वेळचा नियम तिकीट काढायच्या आधीच बघून घ्या. तारखा ठरल्या की इथे टाका, कुठल्या वारी काय खायचं ते मिळून बसवू.