सहावीसाठी गावातली जिल्हा परिषद शाळा चांगली की बाजारपेठेतलं अनुदानित हायस्कूल?

दोन्हीकडे आठवीपर्यंत फी नाही, पुस्तकं फुकट आणि तीही तीच, बालभारतीची. मग फरक उरतो एकच, सहावी-सातवीला गणित आणि विज्ञान कोण शिकवतं. इमारत, गेट, टाय-बूट सगळं नंतर.

आम्ही संगमेश्वर तालुक्यातले. माझा मुलगा सहावीत जाताना घरात हाच वाद झाला. थोरले भाऊजी सगळ्यांसमोर, पंगतीत म्हणाले, "झेडपीत आता ज्यांना कुठं जाता येत नाही त्यांचीच पोरं राहिलीत." त्यांची मुलगी तेव्हा हायस्कूलला, सेमी-इंग्रजीत. मी तरी मुलाला काढला नाही, कारण झेडपीत मराठवाड्यातून आलेले एक पदवीधर शिक्षक (सहावीच्या पुढच्या वर्गांसाठीचे) होते आणि त्यांचं शिकवणं मी खिडकीतून बघितलं होतं. पोषण आहाराचा तांदूळ पोरांकडून हिशोब करून काढायचे. पाचवीपर्यंत माणशी 100 ग्रॅम, सहावीपासून 150, आज हजेरी एवढी, तर किती किलो, आणि उद्या चौघं आली नाहीत तर किती. गुणोत्तर-प्रमाण तिथंच पक्कं झालं माझ्या पोराचं. त्याच वर्षी हायस्कूलात गणिताचे सर रिटायर झाले, जागा भरलीच नाही, जो मोकळा असेल तो तासावर जायचा आणि चांगले शिक्षक सगळे दहावीला. कारण दहावीचा निकाल फलकावर लागतो, सातवीचा कुठंच लागत नाही. म्हणून हायस्कूलचा दहावीचा निकाल बघून सहावी ठरवू नका, त्याचा काही संबंध नाही.

झेडपी सातवीपर्यंतच असल्यामुळे आठवीला मुलगा त्याच हायस्कूलला गेला, एनएमएमएसला, म्हणजे आठवीतल्या केंद्राच्या शिष्यवृत्ती परीक्षेला बसला आणि त्याला स्कॉलरशिप लागली. नववी ते बारावी, वर्षाला 12,000 रुपये. भाऊजी आजही म्हणतात ती हायस्कूलची कमाई. जून ते परीक्षेपर्यंतच्या चार-सहा महिन्यांत कोणती शाळा पोराला गणित शिकवते हो? ते श्रेय त्या झेडपीच्या सरांचंच आहे आणि मी ते कुणालाही सांगेन.

तुम्ही एक करा, दोन्ही शाळांतल्या सातवीच्या एखाद्या मुलाची गणिताची वही मागून बघा. नुसत्या टिकमार्क आहेत का चूक कुठं झाली ते लिहिलंय. आणि सरळ विचारा, पदवीधर शिक्षकाची जागा भरलेली आहे का आणि ते बदलीच्या यादीत आहेत का. आमच्या रत्नागिरीत बाहेरच्या जिल्ह्यातले शिक्षक बदली मिळाली की जातात आणि जागा रिकामी राहते, आमचे सरही नंतर गेलेच, मागून आलेल्या पोरांना तसं कुणी मिळालं नाही. सहावी-सातवीचा पट वीसच्या खाली असेल तर जास्तच चौकशी करा, संच मान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरतात तेव्हा, पदच जायची भीती असते.

म्हणजे झेडपीच घ्या असं मी डोळे मिटून सांगत नाहीये. तिथं शिक्षक नसेल तर हायस्कूलच बरं. मुलगी असेल तर एसटीचा पास तिला फुकट मिळेल, पण संध्याकाळची गाडी पावसाळ्यात तुमच्या वाडीपर्यंत येते का हे डेपोत नाही, रोज जाणाऱ्या मुलींना विचारा.