मायकेल ॲरिंग्टन यांनी स्वतः स्थापन केलेले टेकक्रंच हे तंत्रज्ञान व नवउद्योगांच्या बातम्या देणारे संकेतस्थळ का सोडले?

ॲरिंग्टन यांना सप्टेंबर २०११ मध्ये टेकक्रंचमधून बाहेर पडावे लागले, ते हितसंबंधांच्या प्रश्नावरून. मुळात वकील असलेल्या ॲरिंग्टन यांनी २००५ मध्ये हे संकेतस्थळ सुरू केले आणि २०१० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतील परिषदेत, भर व्यासपीठावर सह्या करून, ते एओएल या अमेरिकी इंटरनेट कंपनीला विकले. वर्षभरातच त्यांनी नवउद्योगांत पैसे गुंतवणारा क्रंचफंड उभारला. ज्या कंपन्यांच्या बातम्या द्यायच्या त्यांतच संपादकाचे भांडवल असणे मला तरी पत्रकारितेच्या दृष्टीने गैर वाटते. मात्र त्या फंडात खुद्द एओएलनेही पैसे घातले होते, त्यामुळे सगळा दोष एकट्या ॲरिंग्टन यांच्या माथी मारता येणार नाही.