पहिलं लेकरू घरीच होऊ द्यावं का?

प्रश्न : मावशी, मी २३ वर्षांची, यवतमाळ जिल्ह्यात पैनगंगेकडचं आमचं गाव. सातवा महिना लागलाय, पहिलंच आहे, तारीख पोळ्याच्या मागंपुढं दिलीय. माझी आजेसासू जुनी दाई, गावातली कितीतरी माणसं तिच्याच हातावर जन्मली, माझे मिस्टर पण. ती म्हणते, "म्या एवढी लेकरं काढली, तुलेच कायचं भेव? दवाखान्यात कायले पैसा घालता?" आणि खरं सांगू का, मलाही घरीच हवंसं वाटून राहिलं. मागच्या वर्षी माझी जाऊ दवाखान्यात गेली, तिला आत एकटीला ठेवलं, सासूबाईंना बाहेर बसवलं, ओरडली तर मांडीवर चापट मारली आणि नाही नाही ते बोलले, ती अजून ते सांगताना रडते. मग तिथून प्रायव्हेटला नेलं, सिझर झालं, तुरीचा आलेला सगळा पैसा त्यात गेला. मिस्टर मोबाईलवर परदेशातल्या बायकांचे व्हिडिओ दाखवतात, घरी टबमध्ये बाळंत होतात त्या, म्हणतात एवढी शिकलेली माणसं घरी करतात तर आपण का नाही. माझी आई मात्र दवाखान्याचंच म्हणते. बीपी नॉर्मल आहे, सोनोग्राफी ठीक, एचबी (हिमोग्लोबिन) ९.४. पीएचसी (प्राथमिक आरोग्य केंद्र) १४ किलोमीटर आणि मधे नाला, तो आला की रस्ता बंद. काय करू?
— एक वाचक, यवतमाळ जिल्हा

उत्तर : पोरी, आधी उत्तर देऊन टाकते म्हणजे जीव टांगणीला राहणार नाही. पहिलं बाळंतपण घरी करू नको, दवाखान्यातच कर. पण जावेचं जे झालं ते तुझं होऊ नये म्हणून आतापासूनच तजवीज कर, दोन महिने आहेत हातात आणि ते पुरतात.

जावेला मारलं ते चूकच. कळा देणाऱ्या बाईवर हात उचलणं याला कुठलंही कारण चालत नाही, कामाचा ताण, रात्रीची ड्युटी, काहीही नाही, हे मी ३१ वर्षं उपकेंद्रात नर्सबाई म्हणून काढल्यावर सांगतेय. तुझी भीती खोटी नाही. फक्त त्या भीतीपायी तू जी दुसरी वाट निवडते आहेस ती जास्त धोक्याची आहे, एवढंच मला म्हणायचंय.

आपल्याकडं पहिलटकरीण हा वेगळा शब्द उगीच नाही. दुसऱ्या तिसऱ्या खेपेला निदान माहीत असतं की या बाईच्या कमरेतून मूल निघतं, कळा कशा येतात, नंतर रक्त किती जातं. पहिल्या वेळेला यातलं काहीच माहीत नसतं, तुलाही नाही, आजीलाही नाही, डॉक्टरलाही नाही. बीपी, सोनोग्राफी नॉर्मल म्हणजे आजपर्यंतचं नॉर्मल.

माझ्या नोकरीच्या सुरवातीच्या वर्षांतली एक रात्र सांगते. बोलावणं आलं म्हणून गेले तर बाळ होऊन तास झाला होता, मुलगा, खणखणीत रडत होता, वार पण पडली होती, घरात साखर वाटणं चालू. बाळंतीण भिंतीला टेकून डोळे मिटून बसलेली. सगळे म्हणे थकली बिचारी, झोप लागली तिला. मी कपाळाला हात लावला तर गार घाम. खालची गोधडी वरून फारशी भिजलेली दिसत नव्हती पण उचलायला गेले तर एका हातानं उचलेना, सगळं रक्त खालच्या घड्यांत मुरलेलं. पोटावर हात ठेवला तर गर्भाची पिशवी कणकेच्या गोळ्यासारखी मऊ. बाळ झाल्यावर ती कवठासारखी टणक लागायला पाहिजे, टणक झाली की आतल्या नसा आवळतात आणि रक्त थांबतं, मऊ राहिली की नळ उघडा राहिल्यासारखं होतं. मी इंजेक्शन दिलं, पिशवी चोळत बसले, एका जीपवाल्याला उठवलं आणि तालुक्यापर्यंत तिच्या पोटावरचा हात काढला नाही, माझं मनगट दोन दिवस सुजलेलं होतं. ती वाचली. तिचं आधी सगळं नॉर्मल होतं आणि एचबी ११ होतं, म्हणजे सांडायला तिच्याजवळ रक्त होतं. तुझं ९.४ आहे. असं रक्त सुटलं की दोन तासांत सुद्धा बाई हातची जाते, आणि तुझ्या गावापुढं नाला आहे. मी तुझं पत्र वाचलं तेव्हा मला आधी तो नालाच दिसला.

बाळाचंही तसंच. दहातल्या साधारण एका बाळाला पहिला श्वास घ्यायला थोडी मदत लागते, ती पहिल्या मिनिटात मिळाली पाहिजे आणि बाहेर येईपर्यंत कोणतं बाळ ते कळत नाही. दवाखान्यात त्यासाठी हवा द्यायची छोटी पिशवी आणि मास्क तयार ठेवलेला असतो.

आता मिस्टरांच्या व्हिडिओंचं. त्यांना म्हणावं त्या टबच्या बाजूला जी बाई बसलेली असते ती डिग्रीवाली मिडवाइफ, म्हणजे बाळंतपणाचंच शिक्षण घेतलेली, तिच्या बॅगेत रक्त थांबवायचं औषध आणि बाळाचा मास्क असतो, आणि पक्का रस्ता दारापर्यंत. तरीसुद्धा इंग्लंडमध्ये काही धोका नसलेल्या ६४ हजारांच्या वर बायकांचा मोठा अभ्यास झाला, २०११ मध्ये छापून आला, त्यात घरी बाळंत व्हायचं ठरवलेल्या पहिलटकरणींपैकी १०० तल्या ४५ जणींना मधेच किंवा झाल्या झाल्या दवाखान्यात हलवावं लागलं, सगळ्यात जास्त वेळा कळा पुढं सरकेनात म्हणून. आणि बाळाला गंभीर त्रास किंवा मृत्यू हे पहिलटकरणींमध्ये घरी हजारी ९ च्या वर आणि दवाखान्यात हजारी ५ च्या आसपास. आधी मूल झालेल्या बायकांत असा फरक दिसला नाही, तिथं घरही तेवढंच सुरक्षित निघालं. म्हणजे हा अभ्यास घराच्या विरोधात नाही, तो पहिल्या खेपेबद्दल बोलतो. आणि ज्या ४५ जणींना हलवलं त्यांच्यासाठी गाडी आली, रस्ता होता. तुझ्याकडं श्रावण भादव्यात काय असणार ते तुलाच माहीत.

आजीला मात्र कमी लेखू नको. मी स्वतः दायांकडून शिकले, कळांमध्ये कंबर कशी दाबायची, बाईला उकिडवं कधी बसवायचं, धीर कसा द्यायचा, हे नर्सिंगच्या पुस्तकात मला मिळालं नव्हतं. पण एकदा तिच्या पायाशी बस आणि प्रेमानं विचार, आजी, तुझ्या हातून किती गेल्या? मी ज्या ज्या दाईला हे विचारलं तिनं गप्प होऊन नावानिशी सांगितलं, अमक्याची सून, तमक्याची पोरगी. त्यांचा दोष नव्हता, त्यांच्याजवळ इंजेक्शन नव्हतं, रक्ताची बाटली नव्हती. तुझ्या आजीजवळ आजही नाही.

गडचिरोलीच्या बंग डॉक्टरांचं उदाहरण पण लोक मला देतात की बघा, तिथं घरीच करून बाळं वाचवली. तिथं झालं ते असं की ३९ गावांत बाळंतपणं घरीच होत होती, दवाखाना लांब, म्हणून त्यांनी गावातल्याच बायांना बाळाचा श्वास, न्यूमोनिया, जंतुसंसर्ग ओळखायला आणि औषध द्यायला शिकवलं आणि नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले, १९९९ ला ते जगभर गाजलं. पण ते बाळाच्या काळजीचं काम होतं, आईचं रक्त थांबवायचं नाही. त्याच धर्तीवर आज आशाताई बाळंतपणानंतर घरी येते, ३ ऱ्या, ७ व्या, १४ व्या, २१ व्या, २८ व्या आणि ४२ व्या दिवशी, तेव्हा तिला दारातून चहा पाजून परत पाठवू नको, बाळाचं वजन करून घे, ताप मोजून घे.

आता कामाचं. एचबी आधी. लोहाच्या गोळ्या नुसत्या डब्यात आहेत की पोटात जातात? या एचबीला सहसा दिवसाला दोन देतात, सिस्टरला विचारून घे, जेवणानंतर तासाभरानं लिंबूपाण्यासोबत घे, चहासोबत नको आणि कॅल्शियमच्या गोळीसोबत तर नकोच, दोन्ही एकत्र घेतलं तर लोह अंगाला लागत नाही. महिन्याभरात वाढलं नाही तर शिरेतून लोह देतात, ते मागून घे. सिकलसेल या रक्ताच्या आजाराची टेस्ट झालीय का ते तू लिहिलं नाहीस. आपल्या विदर्भात ते खूप आहे, तुझी आणि मिस्टरांची दोघांचीही करून घे, एचबी कमी असण्याचं कारण कधी कधी तेच निघतं. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची डॉक्टरकडून फुकट तपासणी असते, येणारी एकही चुकवू नको.

मग जागा ठरव. तुझं एचबी बघता मी १४ किलोमीटरवरच्या पीएचसीवर थांबणार नाही, जिथं सिझर होतं आणि रक्त मिळतं असा सरकारी दवाखाना धरेन, उपजिल्हा रुग्णालय असो की यवतमाळचं मेडिकल कॉलेज. ९ तारखेला डॉक्टरांना तोंडावर विचार, मधे अडलं तर मला कुठं पाठवाल? जावेचा पैसा गेला तो ऐनवेळी प्रायव्हेटला धावपळ झाली म्हणून. सरकारीत २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात नॉर्मल असो की सिझर, औषधं, रक्त, तपासण्या, जेवण, नेणं-आणणं सगळं फुकट आहे. पहिल्या बाळाचे मातृवंदना योजनेचे ५००० पण आहेत, आशाताईकडं फॉर्म भरलास का?

आणि नाल्याचं म्हणजे, कळा सुरू झाल्यावर निघू हे डोक्यातून काढून टाक. तारखेच्या आठ दहा दिवस आधीच दवाखान्याजवळ राहायला जा, मावशी, आत्या, कुणाची तरी खोली. आदिवासी भागातल्या काही पीएचसींना माहेरघर असतं, तिथं बाई आणि सोबतची आधीच येऊन राहू शकते, तुमच्याकडं आहे का विचार. पोळा सासरी झाला नाही म्हणून कुणी रुसलं तर रुसू दे, बैल पुढच्या वर्षी पण सजतील.

आता तुझ्या मनातलं खरं दुखणं, एकटं पडणं. २०१६ पासून सरकारी दवाखान्यात कळांच्या वेळी सोबतीला एक बाई ठेवायची परवानगी आहे, नात्यातली, शक्यतो जिला स्वतःला मूल झालंय अशी. हे बऱ्याच जणींना माहीतच नसतं. आजेसासूलाच ने! ती तुझी कंबर दाबेल, पाणी पाजेल, "झालं वं माय, आता थोडंच" म्हणेल, आणि रक्त सुटलं तर इंजेक्शन द्यायला सिस्टर असेल. आजीचा मान राहतो आणि तुझा जीव राहतो. आठव्या महिन्यातच जाऊन लेबर रूम बघून ये, तिथल्या सिस्टरला नावानं ओळख, म्हण की माझी आजी सोबत राहील. ओळखीच्या बाईवर सहसा कुणी ओरडत नाही, हे मी आतल्या बाजूनं सांगतेय. आडवंच पडून राहा म्हणाले तर विचार की चालू का, कुशीवर होऊ का, त्याला बंदी नाही. आणि कुणी हात उचलला तर आजीनं तिथल्या तिथं मेडिकल ऑफिसरला बोलवायचं, दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही.

सव्वा महिना मग खुशाल घरी, बाज, शेक, डिंकाचे लाडू, आजीच्या हातची मालिश. फक्त धूर कोंडलेल्या खोलीत नको, बाळाच्या छातीला त्रास होतो.

प्रश्न : मावशी, आम्ही गडचिरोली जिल्ह्यात आतल्या भागात राहतो. दवाखान्यातच करायचं ठरलंय पण गाडी यायच्या आधीच बाळ आलं तर मी काय करायचं? गावातला एक डॉक्टर म्हणतो घरीच कळा वाढवायचं इंजेक्शन देतो, लवकर मोकळी होईल.
— एक होणारा बाप

उत्तर : ते इंजेक्शन देऊ देऊ नका, अगदी दारातून परत पाठवा. बाळ पोटात असताना घरी कळा वाढवल्या तर पिशवी फाटू शकते, बाळ गुदमरतं. बाळ व्हायच्या आधी ते औषध फक्त दवाखान्यात, देखरेखीखालीच देतात.

पहिल्या खेपेला सहसा बारा तास आणि त्याहून जास्त लागतात, तेव्हा पाणमोट फुटली, रक्त दिसलं की लगेच आणि कळा पाच पाच मिनिटांनी यायला लागल्या की तेव्हाच १०८ ला फोन करा, आशाताईला उठवा, म्हणजे बाळ रस्त्यात यायची पाळी सहसा येत नाही. तरी आलंच तर साबणानं हात धुवा, धुतलेली कोरडी लुगडी दोन तीन जवळ ठेवा. बाळाला ओढायचं नाही, पोटावर जोर द्यायचा नाही, येईल तसं हातावर घ्या. लगेच कोरडं पुसा, पुसता पुसता पाठ चोळा, त्यानं बहुतेक बाळं रडतात, मग आईच्या उघड्या छातीवर ठेवून वरून दोघांना पांघरा आणि अंगावर पाजायला लावा. आंघोळ नको, मध नको, गुळाचं पाणी नको. नाळ कापायची घाई करू नका, विळा, जुनं ब्लेड तर मुळीच नाही, बाळ आणि वार जोडलेली राहिली तरी गाडी येईपर्यंत काही बिघडत नाही. नाळेवर राख, तेल, हळद काही लावू नका. वार आपोआप पडू द्या, नाळ धरून ओढू नका, आणि पडली की बाईच्या बेंबीखाली हात ठेवून बघा, टणक गोळा लागला पाहिजे, मऊ लागला तर गोल गोल चोळत राहा, रक्त थांबत नसेल तर गाडीत सुद्धा चोळणं सोडू नका. वार फेकून पुरून टाकू नका, पिशवीत घालून सोबत न्या, पूर्ण पडली की एखादा तुकडा आत राहिला ते सिस्टर ती बघूनच सांगते.