एकाच फ्रेंच रेड वाईनबद्दल समीक्षकांची मतं इतकी टोकाची कशी?

सगळ्यात गाजलेलं उदाहरण फ्रान्सच्या बोर्दो या वाईनसाठी प्रसिद्ध प्रदेशातल्या, सेंत-एमिलियों भागातल्या शातो पावी या वाईनरीचं, 2003 सालच्या वाईनचं. 2004 मध्ये ती अजून पिंपातच होती, तेव्हा अमेरिकेचे वाईन समीक्षक रॉबर्ट पार्कर यांनी तिला 100 च्या अगदी जवळ गुण दिले. ब्रिटनच्या समीक्षक जॅन्सिस रॉबिन्सन यांनी दिले 20 पैकी 12! पार्करना ती भारदस्त, खोल वाटली. रॉबिन्सनना अतिपिकल्या फळांचा वास आणि पोर्ट या गोड पोर्तुगीज वाईनसारखा गोडवा खटकला. बोर्दोपेक्षा ही उशिरा तोडलेल्या झिन्फान्डेल द्राक्षांच्या वाईनसारखी वाटते, असं त्यांनी लिहिलं.

माझ्या मते दोघांच्याही जिभेला दोष देता येत नाही. 2003 च्या उन्हाळ्यात युरोप उष्णतेच्या लाटेत होरपळला. द्राक्षांत साखर वाढली, आंबटपणा उतरला. चव दोघांना तीच लागली असणार, फक्त बोर्दोकडून असलेली अपेक्षा वेगळी.

म्हणून गुण नंतर बघा, आधी वर्णन वाचा. पेन्सिलचं शिसं, सिगारची पेटी, ब्लॅककरंट (एक छोटं काळं फळ) असे शब्द दिसले तर जुन्या वळणाची, काबर्ने जातीची द्राक्षं प्रधान असलेली बोर्दो समजा. जॅम, सुकं अंजीर, चॉकलेट आलं की दाट, उष्ण वर्षाची.